ट्रॅक्टर लोडरला किती वजनाचा पंजा झेपेल? ग्रॅपल घेण्याआधी करायचा हिशोब

मी पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करतो, पण घर वसमत तालुक्यात, हिंगोली जिल्ह्यात. मागच्या दिवाळीत गावी गेलो तेव्हा काकांनी एक प्रश्न टाकला. आमच्या ट्रॅक्टरला पुढे लोडर आहे, जवळच्या वर्कशॉपमध्ये बनवून घेतलेला. त्याला बकेटऐवजी पंजा, म्हणजे ग्रॅपल, बसवायचा होता. कापूस निघाल्यावर पऱ्हाट्या गोळा करायच्या, बांधावर वाढलेल्या बाभळी काढायच्या आणि हळद शिजवायच्या दिवसांत जळतण एका जागी आणायचं, ही कामं. मजूर मिळत नाहीत आणि काट्यांत हात घालायला कुणी तयार होत नाही.

काकांनी पंजाही बघून ठेवला होता. सहा फूट रुंद, जाड पत्र्याचा, दोन जबड्यांचा. वजन ३२० किलो. मी म्हटलं, "काका, एवढा जड आपल्या लोडरला झेपेल का?" त्यांनी ट्रॅक्टरचं माहितीपत्रकच पुढे केलं. "हे बघ की, अठराशे किलो लिहिलंय. तीनशेनं काय होतं त्याला?"

हाच गैरसमज अनेकांचा असतो, म्हणून हा लेख. ट्रॅक्टर कुठल्याही कंपनीचा असो, हिशोबाची पद्धत तीच राहते. त्यासाठी लागतं काय, तर मोजपट्टी, जवळचा वजनकाटा आणि मोबाइलमधला कॅल्क्युलेटर.

माहितीपत्रकातले अठराशे किलो कुणाचे?

ट्रॅक्टरच्या जाहिरातीत आणि माहितीपत्रकात जी उचलण्याची क्षमता छापतात, ती मागच्या लिफ्टची असते. म्हणजे नांगर, रोटाव्हेटर जोडतो त्या तीन जोडांची. त्या आकड्याचा पुढच्या लोडरशी काहीही संबंध नाही. लोडरचे जॅक वेगळे, त्याचे बूम वेगळे, आणि वजन येतं ते पुढच्या चाकांच्याही पुढे.

कंपनीच्या लोडरवर त्याची स्वतःची पाटी असते किंवा पुस्तिकेत आकडा असतो. तो आकडा वाचताना दोन गोष्टी विचारायच्या. पहिली, हे वजन नेमकं कुठे टांगून मोजलंय? बूमच्या टोकाच्या पिनवर की पिनच्या पुढे? दुसरी, किती उंचीवर? बऱ्याच लोडरची ताकद जमिनीजवळ जास्त आणि पूर्ण उंचीवर कमी असते, आणि जाहिरातीत मोठा आकडाच दिसतो. आपल्याला ट्रॉली भरायची असेल तर ट्रॉलीच्या फाळक्याच्या उंचीवरचाच आकडा कामाचा.

वजन एकच, अंतर बदललं की भार बदलतो

खताची ५० किलोची बॅग छातीशी धरून आपण चार पावलं जातो. तीच बॅग हात सरळ लांब करून धरा म्हटलं तर कुणालाच जमणार नाही. बॅगचं वजन बदललं नाही, खांद्यापासूनचं अंतर बदललं.

लोडरचा खांदा म्हणजे बूमची मागची पिन, जिच्याभोवती बूम वर-खाली होतो. तिच्यापासून माल जितका लांब, तितका जॅकवर भार जास्त. भार म्हणजे वजन गुणिले अंतर. वजन किलोमध्ये आणि अंतर मीटरमध्ये घेतलं की एक आकडा मिळतो. लोडरची खरी ताकद ही त्या गुणाकाराची मर्यादा असते, नुसत्या किलोंची नाही.

इथे पंजाची पहिली गोम लक्षात येते. पंजा स्वतः जड असतो आणि त्याचे दात पुढे निघालेले असल्यामुळे माल बकेटपेक्षा आणखी लांब जातो. म्हणजे दोन्हीकडून तोटा. ६४ जीबीचा फोन घेतला तरी फोटो-व्हिडिओसाठी सगळे ६४ जीबी मिळत नाहीत, कारण फोनची सिस्टिम स्वतःच जागा खाते. पंजाचंही तसंच आहे. आधी तो स्वतःचं वजन उचलायला लावतो, उरलं तर मालाला.

पाटी नसेल तर लोडरची ताकद कशी मोजायची?

आमच्या लोडरवर पाटी नव्हती. ज्यानं बनवला त्यानं "टनभर उचलतो" एवढंच सांगितलं होतं. म्हणून आम्ही मोजून बघितलं.

१. बूम आडवा असताना मागच्या पिनपासून पुढच्या पिनपर्यंतचं अंतर मोजलं. आमचं २.२ मीटर भरलं.

२. बकेट काढून ट्रॉलीत टाकली आणि वजनकाट्यावर नेली. रिकाम्या ट्रॉलीचं वजन वजा केल्यावर १५० किलो. वजनकाटा पाच-दहा किलोच्या टप्प्यात दाखवतो, पण या हिशोबाला तेवढं पुरतं.

३. बकेट परत बसवून तिच्यात सिमेंटच्या ५० किलोच्या बॅगा एकेक करून ठेवल्या, दोरीनं बांधल्या आणि दर वेळी हळू उचलून बघितलं. दहा बॅगा ट्रॉलीच्या फाळक्याइतक्या उंच गेल्या. अकरावी ठेवल्यावर बूम अर्ध्यात अडला आणि रिलीफ व्हॉल्वचा आवाज सुरू झाला. म्हणजे दहा बॅगा ही आमची मर्यादा.

४. बकेटच्या वजनाचा मध्य पिनच्या सुमारे ०.३५ मीटर पुढे होता, बॅगांचा ०.४५ मीटर पुढे. यात बूमची २.२ मीटर लांबी मिळवायची:

बकेट: १५० × २.५५ = ३८२
बॅगा: ५०० × २.६५ = १३२५
एकूण: सुमारे १७००

हे १७०० म्हणजे आमच्या लोडरची खरी कुवत. तिला २.२ नं भागलं की पिनवर सुमारे ७७० किलो येतात. टनभर नाही आणि अठराशे तर नाहीच.

ही चाचणी करताना काही गोष्टी पाळाच. जागा सपाट आणि कडक हवी. मागच्या लिफ्टला वजन जोडलेलं हवं. बूमखाली किंवा समोर माणूस नको. मागची चाकं हलकी वाटली तर तिथेच थांबायचं, मग जॅकमध्ये ताकद शिल्लक असली तरी. आणि व्हॉल्व आवाज करतोय म्हणून त्याचा स्क्रू आवळायचा नाही. तो व्हॉल्व लोडर आणि पंप वाचवण्यासाठीच असतो.

तीन पंजे, एक लोडर

आता याच १७०० मध्ये वेगवेगळे पंजे बसवून बघू. प्रत्येक वेळी आधी पंजाचा भार वजा करायचा आणि जे उरेल त्याला मालाच्या अंतरानं भागायचं.

चार फुटी हलका पंजा, वजन १४० किलो. त्याचा मध्य पिनच्या ०.२५ मीटर पुढे, मालाचा ०.५ मीटर पुढे.
१४० × २.४५ = ३४३. उरले १३५७. भागिले २.७ = ५०२ किलो माल

पाच फुटी मध्यम पंजा, वजन २२० किलो. त्याचा मध्य ०.३ मीटर, मालाचा ०.६ मीटर पुढे.
२२० × २.५ = ५५०. उरले ११५०. भागिले २.८ = ४१० किलो माल

सहा फुटी जड पंजा, वजन ३२० किलो. त्याचा मध्य ०.४ मीटर, मालाचा ०.८ मीटर पुढे.
३२० × २.६ = ८३२. उरले ८६८. भागिले ३ = २८९ किलो माल

काकांना मी शेवटची ओळ दाखवली. पंजा ३२० किलोचा आणि माल उचलणार २८९ किलो. लोडरची निम्मी ताकद नुसतं लोखंड वर-खाली करण्यात जाणार होती, आणि त्या लोखंडाचे पैसेही आपणच मोजणार होतो.

हे आकडे ट्रॅक्टर उभा असतानाचे आहेत. शेतात खड्डा लागतो, बूम झटक्यानं थांबतो, तेव्हा भार क्षणभर वाढतो. म्हणून मी पाचवा भाग सोडून देतो. तेवढं वजा केल्यावर हलक्या पंजाचे ५०२ चे ४०० राहतात, मध्यमचे ३३० आणि जडचे २३०. पंजा निवडताना हेच आकडे धरायचे.

उचललं, पण ट्रॅक्टरला सोसलं का?

जॅकनं उचललं म्हणजे काम झालं असं नाही. दुसरी मर्यादा ट्रॅक्टरच्या तोलाची आहे आणि धोका तिथेच जास्त आहे.

पुढची चाकं म्हणजे तराजूचा काटा समजा. पुढे माल, मागे ट्रॅक्टरचं वजन. पुढे वजन लटकलं की ते पुढच्या एक्सलवर तर येतंच, शिवाय मागच्या चाकांवरचंही काही वजन ओढून पुढे आणतं. आमच्या ट्रॅक्टरची पुढची आणि मागची चाकं वजनकाट्यावर वेगवेगळी चढवून बघितली. बकेट काढून, लोडरसकट, पुढे ११५० आणि मागे १४०० किलो. दोन्ही चाकांच्या मध्यांतलं अंतर २ मीटर.

हलका पंजा १४० आणि माल ४००, मिळून ५४० किलो. बूम आडवा असताना हे वजन पुढच्या एक्सलच्या सरासरी दीड मीटर पुढे येतं. मग:

मागून कमी होणारं वजन: ५४० × १.५ ÷ २ = ४०५ किलो. मागे उरले ९९५.
पुढे वाढणारं वजन: ५४० + ४०५ = ९४५ किलो. पुढे झाले २०९५.

उचलले ५४० आणि पुढच्या एक्सलवर वाढले ९४५. हे पहिल्यांदा बघताना मलाही चुकल्यासारखं वाटलं, परत मोजलं, बरोबर निघालं. लोडरचं काम करणाऱ्या टू व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टरचे पुढचे बेअरिंग, किंगपिन आणि टायर लवकर जातात, त्याचं कारण हेच. पुढच्या एक्सलला किती भार चालतो ते ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत बघा आणि टायरची मर्यादा टायरच्या कडेवर बघा. दोन्हींतला लहान आकडा आपला.

आणि मागचं वजन कमी होणं जास्त गंभीर आहे. आपल्याकडच्या बहुतेक ट्रॅक्टरना ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात. मागची चाकं हलकी झाली की ब्रेक दाबूनही ट्रॅक्टर घसरत जातो. माझा चुलतभाऊ मागच्या वर्षी बाभळीचं खोड बकेटमध्ये अडकवून नाल्याकडच्या उतारावरून येत होता. मागचं एक चाक उचललं गेलं. त्यानं घाबरून बूम खाली सोडला, खोड जमिनीला टेकलं आणि ट्रॅक्टर सरळ झाला. त्याला काही लागलं नाही, पण घरात ही गोष्ट आजही कुणी हसत सांगत नाही. पंजाचा हिशोब मी इतका मनावर घेतला तो त्यामुळे.

उपाय: मागे काँक्रीटचा ठोकळा

इथे माहितीपत्रकातली ती अठराशे किलोची लिफ्ट खरोखर कामाला येते. मागच्या लिफ्टला वजन जोडायचं. ५० सेंटिमीटर लांब, तेवढाच रुंद आणि तेवढाच उंच काँक्रीटचा ठोकळा सुमारे ३०० किलोचा होतो. ओततानाच त्यात तीन जोडांसाठी पिना बसवून घ्यायच्या.

हा ठोकळा मागच्या एक्सलच्या एक मीटर मागे असेल तर मागे ४५० किलो वाढतात आणि पुढचे १५० कमी होतात. वरच्या उदाहरणात पुढे १९४५ आणि मागे १४४५ राहतात. म्हणजे माल उचललेला असतानाही मागे रिकाम्या ट्रॅक्टरइतकंच वजन. मागच्या टायरमध्ये पाणी भरलं तर पकड वाढते, पण पुढच्या एक्सलवरचा भार त्यानं कमी होत नाही. तो कमी करायला वजन मागच्या एक्सलच्याही मागेच लागतं.

आपण उचलणार काय?

पंजाची क्षमता कळली. आता मालाचं वजन डोळ्यांनी ओळखता यायला हवं, कारण शेतात वजनकाटा नसतो.

पऱ्हाट्या, हळदीचा पाला, उसाचं पाचट: हा माल फुगीर आणि हलका. पंजा गच्च भरला तरी वजनाची मर्यादा सहसा येत नाही. इथे तोंड मोठं उघडणारा आणि दातांत अंतर असलेला पंजा चांगला, म्हणजे माती खाली गळते.

बाभळीचं ओलं लाकूड: एक घनमीटर म्हणजे ढोबळ हजार किलो धरा. ३० सेंटिमीटर जाडीचं २ मीटर लांब खोड सुमारे १४० किलो भरतं. ४५ सेंटिमीटर जाडीचं तेवढंच लांब खोड ३२० किलोच्या आसपास. आणि ६० सेंटिमीटरचं ५६५ किलो. जाडी दुप्पट झाली की वजन चौपट होतं, इथेच अंदाज चुकतो. आमच्या पंजाला ४५ सेंटिमीटरचं खोड चालेल, ६० चं आधी कापावं लागेल.

काळा दगड: आपल्या भागातला बेसाल्ट लाकडाच्या जवळपास तिप्पट जड. ६० सेंटिमीटरचा गोल धोंडा सुमारे ३२० किलो, ८० सेंटिमीटरचा साडेसातशेच्या पुढे. निम्मा मातीत पुरलेला असेल तर ओढून काढायला लागणारी ताकद वेगळीच. असे धोंडे पंजानं उकरायचे नाहीत, त्याला जेसीबी बोलवावा.

थोडक्यात, माल हलका असेल तर पंजाचं तोंड मोठं चालतं. माल जड असेल तर लहान पंजाच बरा, कारण मोठ्या तोंडात जास्त माल मावतो आणि चालवणाऱ्याला मोह होतो. ऊस भरायचा असेल तर हा पंजा घेऊ नका. त्यासाठी फिरणारा, लटकता ग्रॅब असलेली यंत्रं वेगळी येतात.

तेलाची जोडणी

साध्या लोडरला दोन लिव्हर असतात. एक बूम वर-खाली करायला, दुसरा बकेट वळवायला. पंजाचा जबडा उघड-बंद करायला तेलाची तिसरी जोडी लागते. त्यासाठी तिसरा लिव्हर असलेला व्हॉल्व घ्या किंवा बटणावर तेलाचा रस्ता बदलणारा डायव्हर्टर व्हॉल्व लावा. डायव्हर्टर सोपा पडतो, पण मग बकेट वळवणं आणि जबडा मिटणं एकाच वेळी होत नाही.

जबड्याच्या जॅकवर लॉक व्हॉल्व मागून घ्या. पाइप फुटला तरी जबडा बंद राहतो. तो नसेल तर वर धरलेलं खोड सुटतं. जबड्याला फार मोठे जॅक लावायची गरज नाही. ६३ मिलिमीटर बोअरचा एक जॅक १७० बार दाबावर पाच टनांहून जास्त जोर देतो, त्याहून मोठा लावला तर पंजाचे दात आणि पिनाच वाकतात.

तेल गळतंय का ते हातानं चाचपून बघू नका. बारीक छिद्रातून दाबानं निघालेलं तेल कातडीत घुसतं आणि ही जखम दिसायला छोटी असली तरी लगेच दवाखान्यात जायची असते. पुठ्ठ्याचा तुकडा फिरवून बघा.

नेहमीचे प्रश्न

*जॅक मोठे करून लोडरची ताकद वाढवता येईल का?*
जॅकची वाढेल. बूम, लोडरची फ्रेम, ट्रॅक्टरची चेसिस आणि पुढचा एक्सल तोच राहील. काहीतरी तुटेल, आणि ते जॅकपेक्षा महागाचं असेल.

*फोर व्हील ड्राइव्ह असेल तर हा हिशोब लागतो का?*
लागतो. पुढचा एक्सल सहसा जास्त दणकट असतो आणि पुढच्या चाकांनाही ओढ असते, एवढाच फायदा. जॅकची मर्यादा आणि तोल यांचा हिशोब तोच.

*माल घेऊन कसं चालवायचं?*
पंजा जमिनीपासून फूटभरच वर ठेवून. उतारावर माल चढाच्या बाजूला राहील असं, म्हणजे चढताना सरळ आणि उतरताना रिव्हर्समध्ये. काळ्या ओल्या रानात पुढची चाकं रुततात, तिथे माल अर्धाच घ्या. बूम वर असताना वळण घेऊ नका. आणि पंजा वर नेताना मागे फार कलवू नका, जबडा ढिला असेल तर खोड बूमवरून थेट चालकाकडे घरंगळतं.

दुकानात जाण्याआधी हे सहा आकडे लिहून न्या

१. लोडरची कुवत, ट्रॉलीच्या उंचीवर: किलो गुणिले मीटर
२. बूमची लांबी, पिन ते पिन
३. पंजाचं वजन, वजनकाट्यावर मोजलेलं
४. पिनपासून मालाच्या मध्यापर्यंतचं अंतर
५. पुढच्या आणि मागच्या चाकांवरचं वेगवेगळं वजन
६. पुढच्या एक्सलची आणि टायरची मर्यादा

विकणारा पंजाचं वजन सांगत नसेल किंवा "कुठल्याही ट्रॅक्टरला चालतो" म्हणत असेल तर दुसरं दुकान बघा.

आम्ही शेवटी चार फुटी, १४० किलोचा पंजा घेतला, एक जबडा आणि लॉक व्हॉल्ववाला. ठोकळा घरीच ओतला. काकांना अजूनही तो पंजा दिसायला किरकोळ वाटतो. पण बाभळीचं खोड दिसलं की आता तेच आधी मोजपट्टी मागतात, आणि ४५ सेंटिमीटरच्या वर निघालं तर करवत.